‘मात’ नेमकी कोणावर?

पॅरालिम्पिकमध्ये पदक मिळालं की ‘अपंगत्वावर मात करून सुवर्ण’ हा मथळा जवळजवळ ठरलेला असतो. अंध धावपटूंची, म्हणजे टी-११ गटाची १०० मीटर शर्यत घ्या. प्रत्येकाबरोबर एक डोळस गाइड धावतो. दोघांमध्ये छोटासा दोर असतो. एका खेळाडूला दोन लेन लागतात, म्हणून अंतिम फेरीत चौघेच असतात. गाइडने ओढायचं नाही, ढकलायचं नाही आणि अंतिम रेषा खेळाडूच्या आधी ओलांडायची नाही, नाहीतर खेळाडू बाद! पूर्ण वेगात दोघांचे हात-पाय एका लयीत पडायला किती सराव लागत असेल! जिंकणारा शर्यतीआधी अंध होता, नंतरही अंधच आहे. त्याने मात केली ती उरलेल्या तिघांवर. मथळ्यात ते तिघे नसतात, सरावही नसतो.

असं का होतं? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन फिस्क आणि सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवलं की, समाजातले गट आपण मनात दोन कसोट्यांवर जोखतो: माणसं किती भली आणि किती कर्तबगार. अपंग व्यक्तींना भलेपणात भरपूर गुण मिळाले, कर्तबगारीत कमी. या जोडीतून उपजते ती कीव. आणि कीव आली की अपेक्षा इतक्या खाली येतात की साधी गोष्टही अचाट वाटू लागते. व्हीलचेअर वापरणाऱ्या ऑस्ट्रेलियन पत्रकार स्टेला यंग यांनी २०१४च्या भाषणात एक प्रसंग सांगितला होता. त्या १५ वर्षांच्या असताना कोणीतरी त्यांचं नाव पुरस्कारासाठी सुचवायला घरी आलं. आईवडिलांना प्रश्न पडला: हिने पुरस्कार मिळण्याजोगं केलंय काय? माझ्या मते, त्या मुलीचा खरा मान त्या प्रश्नात होता.

शब्द बदलून काय होणार, असं अनेकांना वाटतं. ग्रॅनेलो आणि गिब्स या अमेरिकी संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रश्नावली एकच होती, फक्त काहींना ‘मनोरुग्ण’ अशा धर्तीचा शब्द दिला, तर काहींना ‘मानसिक आजार असलेल्या व्यक्ती’. पहिला शब्द वाचणाऱ्यांची उत्तरं कमी सहिष्णू निघाली. त्यांत विद्यार्थी होते, सर्वसामान्य प्रौढ होते आणि व्यावसायिक समुपदेशकही होते.

तज्ज्ञही यातून सुटत नाहीत, ही मला सर्वांत काळजीची बाब वाटते. १९९९च्या एका अभ्यासात गंभीर अपंगत्व असलेल्या ५४ टक्के लोकांनी आपलं आयुष्य चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं होतं. उलट २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत ८२ टक्के डॉक्टरांना अशा लोकांचं जीवनमान इतरांपेक्षा खालचंच वाटत होतं. कोणाला कोणते उपचार सुचवायचे, हे याच डॉक्टरांच्या हाती असतं.

कौतुकातही हाच दृष्टिकोन डोकावतो. रिओच्या पॅरालिम्पिकमध्ये २०१६ साली दृष्टिदोष असलेल्या धावपटूंच्या टी-१३ गटात अल्जीरियाच्या अब्देललतीफ बाकाने १५०० मीटर शर्यत ३ मिनिटं ४८.२९ सेकंदांत जिंकली. त्याच वर्षीच्या ऑलिम्पिक विजेत्याची वेळ होती ३ मिनिटं ५० सेकंद. पॅरालिम्पिकचे पहिले चौघेही त्याच्यापेक्षा वेगवान! ही बातमी जगभर फिरली, जणू ऑलिम्पिकशी तुलना केल्याशिवाय त्या शर्यतीला मोलच नव्हतं. पण ऑलिम्पिकची ती शर्यत डावपेचांमुळे फारच संथ झाली होती, त्यामुळे ही तुलना तशी लंगडीच. टी-१३ची शर्यत मात्र स्वतःच्या बळावर रंगली होती. बाका आणि इथिओपियाचा तामिरू देमिसे यांच्यात अंतर होतं ०.२० सेकंदांचं, आणि पाव सेकंदाने कांस्यपदक हुकलेला चौथा धावपटू बाकाचाच भाऊ फुआद होता.