डेरा की गुरुद्वारा? पंजाबातील १९२५ च्या कायद्याखालील अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

पंजाबातल्या एखाद्या गावात जुनी वास्तू असते. आत गुरू ग्रंथ साहिबचा रोज पाठ होतो, अंगणात मागच्या महंतांच्या समाध्या असतात आणि वास्तूच्या नावावर शेतजमीन असते. गावची संगत, म्हणजे शीख भाविकांचा समुदाय, म्हणते हा गुरुद्वारा, महंत म्हणतात हा आमचा उदासी डेरा, म्हणजे उदासी पंथाच्या साधूंचा मठ. असा वाद तडीस नेण्यासाठी शीख गुरुद्वारा कायदा, १९२५ मध्ये स्वतंत्र वाट आखून दिलेली आहे. वाट सरळ आहे, पण मुदती कडक आहेत आणि पुराव्याची अपेक्षा लोकांना वाटते त्याहून बरीच वेगळी आहे.

या कायद्यामागे रक्त सांडलेलं आहे. अनेक ऐतिहासिक गुरुद्वारे उदासी महंतांच्या ताब्यात होते आणि इंग्रजी अमलात जमिनीच्या दप्तरी त्यांचीच नावं चढली. १९२० मध्ये शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली. २० फेब्रुवारी १९२१ रोजी ननकाना साहिब इथे महंताच्या माणसांनी शांतपणे आत आलेल्या शिखांची कत्तल केली. पुढे मोर्चे आणि अटकसत्रं झाली आणि अखेर १ नोव्हेंबर १९२५ पासून कायदा लागू झाला. पतियाळासारख्या जुन्या संस्थानांच्या मुलखात तो १९५९ च्या दुरुस्तीने पोहोचला.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो : शीख गुरुद्वारा म्हणून घोषणा करून घेण्याचा हा अर्ज आपल्याकडे चालत नाही. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबसाठी १९५६ चा वेगळा कायदा आहे. राज्यातल्या इतर गुरुद्वारांच्या विश्वस्त संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदल्या जातात. तिथे चौकशी होते ती सार्वजनिक न्यास आहे की नाही याची.

अर्ज कोण करू शकतो

आधी कायद्याची पहिली अनुसूची उघडून पाहा. त्यात नाव असलेल्या गुरुद्वारांसाठी हा अर्ज लागत नाही. नाव नसेल तर कलम ७ खाली किमान ५० शीख उपासकांनी मिळून अर्ज करायचा असतो. प्रत्येकाचं वय २१ च्या पुढे हवं आणि तो त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीतला रहिवासी हवा. हे रहिवासीपण कायदा लागू झाला त्या दिवशीचं धरलेलं आहे. मात्र राज्य सरकार अधिसूचना काढून ही अट बाजूला ठेवू शकतं. मूळ मुदत एक वर्षाची होती आणि तीही अधिसूचनेने वाढवता येते. म्हणून सह्या गोळा करण्याआधी अधिसूचना हातात घ्या.

शीख कोण, याचंही उत्तर कायद्यातच आहे. शंका निघाली तर त्या व्यक्तीने प्रतिज्ञापूर्वक सांगायचं : मी शीख आहे, गुरू ग्रंथ साहिबवर आणि दहा गुरूंवर माझी श्रद्धा आहे, माझा दुसरा धर्म नाही.

अर्जासोबत काय जोडायचं

संस्थेच्या मालकीच्या म्हणून सांगितलेल्या सगळ्या स्थावर मिळकतींची आणि नियमित उत्पन्न देणाऱ्या देणग्यांची सही व पडताळणी केलेली यादी. प्रत्येक मिळकत कोणाच्या ताब्यात आहे त्याचं नावही त्यात हवं, कारण पुढे त्याच माणसाला रजिस्टर टपालाने नोटीस जाते. सरकार हा अर्ज आणि यादी राजपत्रात प्रसिद्ध करतं.

हरकत

प्रसिद्धीपासून ९० दिवस. तेवढ्यात वंशपरंपरागत पदाधिकारी किंवा २० उपासक कलम ८ खाली ‘हा शीख गुरुद्वारा नाही’ असा अर्ज करू शकतात. या वीस जणांनी शीख असलं पाहिजे अशी अट नाही. महंतांच्या बाजूने मात्र एक पायरी नेहमी निसटते. पद वंशपरंपरागत असल्याचं आधी सिद्ध करावं लागतं, म्हणजे १ जानेवारी १९२० पूर्वी गादी वारशाने किंवा आधीच्या पदाधिकाऱ्याने नेमून पुढे जात होती हे दाखवावं लागतं. गुरू-चेल्यांची साखळी कागदावर उभी राहिली नाही तर हरकत तिथेच पडते. मिळकतीवर स्वतःचा हक्क सांगायचा असेल तर कलम १० खाली वेगळा अर्ज आहे, मुदत तीच. कोणीच हरकत घेतली नाही तर सरकार थेट शीख गुरुद्वारा म्हणून घोषणा करतं.

न्यायाधिकरण काय तपासतं

हरकत आली की प्रकरण तीन सदस्यांच्या न्यायाधिकरणाकडे जातं. कलम १६ सांगतं की शीख गुरुद्वारा आहे की नाही हा मुद्दा सर्वांत आधी निकालात काढा. त्यासाठी पाच प्रकार दिले आहेत : दहा गुरूंपैकी कोणी स्थापलेलं, किंवा त्यांच्या अथवा त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगाच्या स्मरणार्थ उभारलेलं स्थान, गुरूंशी जोडलेल्या परंपरेमुळे मुख्यतः शिखांच्या उपासनेत असलेलं, शिखांच्या सार्वजनिक उपासनेसाठीच स्थापलेलं, शीख हुतात्मा, संत वा ऐतिहासिक व्यक्तीच्या स्मरणार्थ उभारलेलं, आणि शीख धर्माशी निगडित घटनेमुळे मुख्यतः शिखांच्या उपासनेत असलेलं. पाचही प्रकारांत शिखांची सार्वजनिक उपासना अर्जाच्या वेळी आणि त्याआधीही चालू असली पाहिजे.

खरी लढाई बहुतेक वेळा तिसऱ्या प्रकारावर, म्हणजे शिखांच्या सार्वजनिक उपासनेसाठीच स्थापलेल्या स्थानावर, होते, आणि तिथेच संगतीचे अर्ज कोसळतात. ‘आमच्या इथे गुरू ग्रंथ साहिब आहे’ एवढं पुरत नाही. उदासी आणि निर्मला या पंथांचे साधूही त्याचा पाठ करतात, आदर करतात. २००३ मध्ये महंत हरनाम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्थापना शिखांच्या उपासनेसाठी झाली हे आणि वापरही तसाच झाला हे, दोन्ही सिद्ध व्हायला हवं. त्याआधी १९८४ च्या प्रीतम दास महंत निकालात गुरुद्वाराच्या खुणा सांगितल्या गेल्या : केंद्रस्थानी गुरू ग्रंथ साहिब, संगतीची उपासना, निशाण साहिब म्हणजे गुरुद्वाराचा ध्वज. मूर्तिपूजेला तिथे जागा नाही. समाध्यांची पूजा होत असेल तर दावा बराच कमकुवत होतो.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं : आजचे फोटो आणि साक्षीदार जमवण्यात सगळी ताकद घालवू नका. जुन्या जमाबंद्या काढा. जमाबंदी म्हणजे ढोबळमानाने आपला सातबारा, आणि इंतकाल म्हणजे फेरफार. शेतसारा माफ केलेल्या जमिनीची ‘माफी’ची चौकशी झाली असेल तर ती नक्कल आधी मिळवा. जमीन कोणी, कोणाला, कशासाठी दिली हे त्यात असतं आणि ते लिहिणाऱ्याला आजच्या वादाची कल्पनाही नव्हती. मी त्या कागदाला शंभर तोंडी साक्षींच्या वर ठेवेन.

पतियाळा जिल्ह्यातल्या बिलासपूरचं उदाहरण पाहा. ५६ जणांनी कलम ७ खाली अर्ज केला होता. महसुली दप्तरात जमीन चक्क गुरू ग्रंथ साहिबच्या नावावर होती. ग्रंथाच्या नावाने नोंद टिकते का, यावर वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २००० मध्ये सोम नाथ दास प्रकरणात निकाल लागला : गुरुद्वारात प्रतिष्ठापना केलेला गुरू ग्रंथ साहिब कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, मिळकत धारण करू शकतो.

न्यायाधिकरणाच्या अंतिम आदेशावर उच्च न्यायालयात अपील ९० दिवसांत करायचं. ते दोन न्यायमूर्तींपुढे चालतं. न्यायिक आयोग नावाची दुसरी यंत्रणा याच कायद्यात आहे. ती घोषित गुरुद्वारांच्या कारभारातले वाद पाहते, हा अर्ज तिच्याकडे नेऊ नका.