पफ गन
पफ गन : पॉलियुरेथेनचा उष्णतारोधक फेस पत्र्यावर, भिंतीवर वा फटीत मारण्याचे हत्यार. ‘पफ’ (PUF) म्हणजे ‘पॉलियुरेथेन फोम’चे लघुरूप; ‘पफ मारणे’ हा कारागिरांचा नेहमीचा शब्द.

पॉलियुरेथेनचा शोध जर्मनीत ऑटो बायर व सहकाऱ्यांनी 1937 मध्ये लावला, याविषयी दुमत नाही. गनच्या उगमाबाबत मात्र मते जुळत नाहीत. प्रचलित इतिहासांत काही जण वॉल्टर बॉगमन यांच्या 1953 च्या ‘ब्लेंडोमीटर’ या मिश्रणयंत्रापासून, तर काही फ्रेड गुस्मर यांच्या 1960 च्या दशकातील फवारणीयंत्रापासून आरंभ धरतात. मिश्रण करणे आणि ते हातातून नेमके फवारणे या वेगळ्या गोष्टी असल्याने दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मोठ्या कामाच्या गनमध्ये फेस तयार करणारी दोन द्रव रसायने, आयसोसायनेट (लाल नळी) व पॉलिऑल (निळी नळी), सम आकारमानात, सुमारे 50–60° से. तापवून आणि साधारण 70–100 बार दाबाने येतात व छोट्या कक्षात एकमेकांवर आदळून मिसळतात. घोडा सोडताच कक्षात उरलेले मिश्रण काही सेकंदांत दगड होते. ते कसे बाहेर काढायचे, यावरच गनची निवड ठरते. हवेने झाडणारी गन नवख्या हाताला सोसते, पण तिला मोठा कॉम्प्रेसर व कोरडी हवा लागते. दांड्याने झाडणारी गन थोड्या हवेत चालते. मात्र दांडा आणि कक्ष यांची बैठक अतिशय घट्ट असल्याने तिची निगा जाणत्यानेच राखावी. एका बाजूची गाळण-जाळी तुंबली की दुसरीकडचे द्रव्य तिच्यात शिरून बसते. फेस गडद व ठिसूळ आला तर आयसोसायनेट जास्त, मऊ व चिकट आला तर पॉलिऑल जास्त, हे ओळखून काम तिथेच थांबवावे.

दारे-खिडक्यांच्या फटींना तयार फेसाच्या दाबबंद डब्यावर फिरवून बसवायची गन पुरते. तिचा फेस हवेतील ओलाव्यावर धरतो. म्हणून सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात फटीत आधी पाण्याचा हलका फवारा मारावा.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा 40° से. च्या वर जातो. माळवदाचा मातीचा थर हे ऊन अडवी. यंत्रमागाच्या शेडवरचा पत्रा ते थेट खाली देतो. अशा शेडांसाठी हवेने झाडणारी गन सोयीची, कारण तंतू आणि धूळ यांमुळे दांड्याच्या गनची साफसफाई वारंवार करावी लागते. पावसाळ्यात मात्र कॉम्प्रेसरला हवा कोरडी करणारे यंत्र जोडावेच. ओल लागताच आयसोसायनेटचे खडे होऊन छिद्रे बुजतात. तापलेल्या पत्र्यावर फेस भराभर फुगून सुटतो, त्यामुळे काम सकाळीच उरकावे. जुन्या पत्र्यावरचे तेल व तंतू आधी पुसून घ्यावेत. संध्याकाळी गनमध्ये ग्रीस भरून ते नोझलच्या तोंडातून दिसेपर्यंत दाबावे.

आयसोसायनेटच्या वाफेने दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून फवारणी करणे घातक आहे; बाहेरून हवा पुरवणारा मुखवटाच हवा, आणि फवारणी चालू असता मागांवर कुणीही नसावे. वाळलेला फेस पेटतो व त्याचा धूर विषारी असतो. सुताचे तंतू उडणाऱ्या शेडमध्ये तो उघडा न ठेवता त्यावर अग्निरोधक लेप द्यावा लागतो.