अदलाबदलीचे सुटे भाग (बंदूकनिर्मिती)

एका बंदुकीतला भाग काढून त्याच नमुन्याच्या दुसऱ्या बंदुकीत कानस न लावता बसवता आला, की तो भाग अदलाबदलीचा म्हणायचा. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्ह आणणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. पण ही कल्पना रुजली ती शस्त्रांच्या कारखान्यांत, आणि तिथेही रुजायला पाऊणशे वर्षे लागली.

ठासणीच्या बंदुकीच्या खटक्यातला, म्हणजे बार उडवणाऱ्या यंत्रणेतला, प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला जुळेपर्यंत कारागीर घासत असे. घोडा मोडला तर नवा घोडा त्या एकाच बंदुकीसाठी घडवावा लागे. फ्रान्समध्ये ग्रिबोव्हाल या सेनाधिकाऱ्याने १७६५ पासून तोफखान्याची मापे ठरवून दिली. त्याच वाटेने जाणाऱ्या ओनोरे ब्लां या बंदूककारागिराने १७८५ मध्ये बंदुकीच्या खटक्यांचे सुटे तुकडे पाहुण्यांपुढे मांडले. अमेरिकेचे राजदूत टॉमस जेफरसन यांनी हाताला येतील ते तुकडे घेऊन स्वतः खटके जुळवले.

अमेरिकेत याचे श्रेय बराच काळ एली व्हिटनी या कारखानदाराला मिळत राहिले, ते फारसे रास्त नाही. दोन वर्षांत १०,००० बंदुका देण्याचा करार त्याने १७९८ मध्ये केला. शेवटची खेप १८०९ मध्ये पोहोचली. त्यांतल्या टिकून राहिलेल्या बंदुका पुढे तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकांत बसत नाहीत असेच दिसले. खरे काम जॉन हॉल या बंदूकनिर्मात्याने हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रकारखान्यात केले. त्याची मागून भरायची रायफल गेजवर, म्हणजे ठरलेल्या मापाच्या नमुन्यावर, तपासून बनत असे. १८३४ च्या सुमारास हॉलच्या रायफलीचे भाग शेकडो किलोमीटर दूर, कनेक्टिकटमध्ये सिमियन नॉर्थने बनवलेल्या रायफलींत बसू लागले.

भाग एकमेकांशी ताडून पाहायचे नाहीत, प्रत्येक भाग गेजशी ताडायचा, ही यातली मेख. कोणताही भाग नेमक्या मापाचा होत नसतो. थोडे कमीजास्त चालेल अशी मुभा रेखाचित्रातच दिलेली असते. गेजची ‘गो’ बाजू आत जावी आणि ‘नो-गो’ बाजू अडावी, एवढे पाहिले की झाले. हाताने जुळवण्याची कला कारखान्यातून मागे सरली, तरी ‘फिटर’ हे नाव राहिले. आयटीआयमध्ये या ट्रेडची सुरुवात आजही कानशीनेच होते.

नमुना एक आणि मापे दोन झाली की काय होते, याचे ठळक उदाहरण म्हणजे बेल्जियमची एफएएल ही रायफल. मूळ रेखाचित्रे मेट्रिक. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांनी ती इंचांत नव्याने काढली, आणि त्या भरात काही भागांची घडणही बदलली. दोन्ही रायफली एकच ७.६२ मिमीची गोळी झाडतात, दिसतातही सारख्या. पण इंची मॅगझिनचा (गोळ्यांच्या पेटीचा) पुढचा कान मोठा असल्याने ते मेट्रिक रायफलीत शिरत नाही. मेट्रिक मॅगझिन इंची रायफलीत बसते, जरा सैल. मित्रराष्ट्रांचा दारूगोळा एक व्हावा म्हणून इतका खटाटोप करायचा आणि मॅगझिनपाशी अडायचे!

भारताने १९६० च्या दशकात तिसरीच वाट धरली. परदेशी नमुने खोलून, तपासून ‘१ए१’ ही रायफल बेतली गेली आणि पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात बनू लागली. सैन्यात आणि पोलिसांत ती ‘एसएलआर’ (सेल्फ लोडिंग रायफल) म्हणूनच ओळखली जाते. ती काही बाबतींत ब्रिटिश, काही बाबतींत बेल्जियन वळणाची, त्यामुळे तिचे भाग त्या दोन्हींशी सरसकट जुळतील असे धरून चालता येत नाही.

अमेरिकेत एम-१६ या सैन्याच्या रायफलीच्या लष्करी मापांवर अनेक कंपन्या नागरी रायफलींचे भाग बनवू लागल्या, आणि वेगवेगळ्या दुकानांतून भाग आणून घरी रायफल जुळवण्याचा छंद त्यातून वाढला. लष्करात भाग स्वीकारण्याआधी निरीक्षक गेज लावतो. नागरी बाजारात ती तपासणी प्रत्येक उत्पादकाच्या मर्जीवर असते. म्हणून ‘लष्करी मापाचा’ असा शिक्का असलेले दोन भागही कधी एकमेकांना नाकारतात. भारतात हा छंद संभवत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येत शस्त्राबरोबर त्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, आणि परवान्याशिवाय शस्त्रे बनवणे हा गुन्हा आहे.