‘ब्लड सिम्पल’बद्दल प्रेक्षकांचे दोन तट का पडले

जोएल आणि ईथन कोएन या भावांचा ‘ब्लड सिम्पल’ हा पहिला चित्रपट १९८४ साली महोत्सवांमधून फिरू लागला. तेव्हा त्याच्याबद्दल प्रेक्षकांचे जे दोन तट पडले, ते आजही तसेच आहेत. एका तटाचं म्हणणं, इतक्या थोड्या पैशात इतका घट्ट विणलेला गुन्हेपट क्वचितच होतो. दुसऱ्याचं म्हणणं, चित्रपट संथ आहे, माणसं बिनडोकासारखी वागतात, एकाही पात्रात जीव अडकत नाही आणि कॅमेरा उगाच शायनिंग मारतो. मी पहिल्या तटातला. पण दुसऱ्या तटाच्या तक्रारीही हवेतल्या नाहीत. चित्रपटासाठी पैसा कसा उभा राहिला, तो कुठल्या परंपरेतून आला आणि लोकांपुढे कसा गेला, हे पाहिलं की त्यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार कुठून निघते ते कळतं. पुढे कथानक पूर्ण उघड केलं आहे. ज्यांना चित्रपट पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून घ्यावा.

हे भाऊ मिनेसोटातले, मिनियापोलिसच्या एका उपनगरात वाढलेले. वडील अर्थशास्त्राचे प्राध्यापक, आई कलेच्या इतिहासाची. जोएलने न्यूयॉर्क विद्यापीठात चित्रपटाचं शिक्षण घेतलं, ईथनने प्रिन्स्टनमध्ये तत्त्वज्ञान. हॉलिवूडमध्ये ओळखपाळख शून्य. जोएल न्यूयॉर्कमध्ये संकलकांच्या हाताखाली मिळेल ते काम करत होता आणि त्यातच सॅम रायमीच्या ‘द ईव्हिल डेड’ या भयपटावर सहायक संकलक म्हणून लागला. ही ओळख निर्णायक ठरली. रायमीने आपल्या चित्रपटासाठी आधी एक छोटी फिल्म करून ती लोकांना दाखवली होती आणि पैसे गोळा केले होते. कोएन बंधूंनी तोच मार्ग धरला. चित्रपटाचं एक फूटही शूट झालेलं नसताना त्यांनी त्याचा दोनेक मिनिटांचा ट्रेलर तयार केला. त्यात ‘ईव्हिल डेड’चा नायक ब्रूस कॅम्पबेल दिसतो. भिंतीला गोळ्यांनी पडलेली भोकं आणि त्यातून आरपार घुसणारे प्रकाशाचे झोत, ही त्या ट्रेलरमधली प्रतिमा पुढे चित्रपटाच्या शेवटी जशीच्या तशी आली.

हा ट्रेलर आणि १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर घेऊन जोएल मिनियापोलिस परिसरात घरोघर, ऑफिसोऑफिस फिरला. पैसे घालणारे लोक डॉक्टर, डेंटिस्ट, छोटे व्यावसायिक. चित्रपटधंद्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. साधारण वर्षभराच्या खटपटीतून साडेसात लाख डॉलर उभे राहिले आणि तेवढ्यावर काम सुरू करता आलं. शेवटी खर्च पंधरा लाखांच्या घरात गेला.

कॅमेऱ्याच्या ‘शायनिंग’चं मूळ मला इथे दिसतं. ज्याचे पैसे मागायचे तो पटकथा वाचणार नाही. त्याला दोन मिनिटांत असं काही दिसलं पाहिजे की हात खिशाकडे गेला पाहिजे. असा चित्रपट आधी प्रतिमांमध्येच सुचतो. बारच्या काउंटरवरून कॅमेरा सरकत येतो, मध्ये एक दारुडा डोकं टेकून पडलेला आहे, कॅमेरा त्याच्यावरून उचलला जातो आणि पलीकडे पुन्हा काउंटरवर उतरतो. कथेला या उडीची काहीच गरज नाही. अंगणात नवरा बायकोला ओढत बाहेर आणतो तेव्हा कॅमेरा जमिनीलगत त्यांच्या अंगावर धावून जातो. ती युक्ती रायमीची. लाकडी फळीवर कॅमेरा बसवायचा आणि दोघांनी दोन टोकं धरून पळायचं. महागडी साधनं नव्हती म्हणून फळी आली, पण पडद्यावर ती उधळपट्टीसारखी दिसते. कॅमेरामन बॅरी सोनेनफेल्डचा हा पहिलाच कथापट. संगीतकार कार्टर बरवेलचाही पहिलाच. त्याची ती पियानोची, थांबत थांबत पुढे जाणारी धून चित्रपटाचा अर्धा ताण एकटीच पेलते.

चित्रीकरण १९८२च्या शरद ऋतूत टेक्सासमध्ये, ऑस्टिन आणि हटोच्या परिसरात झालं. जोएल काही काळ ऑस्टिनच्या विद्यापीठात होता, त्यामुळे मुलूख थोडाफार परिचयाचा. तिथली माणसं, त्यांचं हेल काढून सावकाश बोलणं, रात्रीचे रिकामे रस्ते, छताला गरगरणारे पंखे हे सगळं कथेत मुरलं. ‘संथ आहे’ ही तक्रार बरीचशी या मुलखाच्या चालीबद्दल आहे.

कथा मात्र टेक्सासहून जुनी. बारमालक, त्याची तरुण बायको, तिचा प्रियकर आणि खून: १९३०च्या दशकात जेम्स एम. केनने आपल्या कादंबऱ्यांमधून ही चौकट पक्की केली आणि १९४०च्या दशकातल्या काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांनी ती घरोघर पोचवली. चित्रपटाचं नाव आलं डॅशिएल हॅमेटच्या १९२९च्या ‘रेड हार्व्हेस्ट’ या कादंबरीतून; रक्तपाताने माणसाची मती गुंग होते, त्या अवस्थेसाठी त्याने हा शब्दप्रयोग केला होता. केनच्या गोष्टींत प्रियकर-प्रेयसी मिळून नवऱ्याचा काटा काढतात, म्हणजे गुन्ह्याचा बेत दोघांना ठाऊक असतो. कोएन बंधूंनी नेमकी हीच गोष्ट काढून घेतली. इथे कुणालाच काही ठाऊक नाही.

बारमालक मार्टी आपली बायको ॲबी आणि तिचा प्रियकर, बारमधला नोकर रे, यांना मारण्यासाठी व्हिसर नावाच्या खाजगी गुप्तहेराला दहा हजार डॉलर देतो. व्हिसर दोघं मेल्याचा खोटा फोटो बनवून पैसे घेतो आणि ॲबीच्याच पिस्तुलाने मार्टीला गोळी घालतो. नंतर रे तिथे येतो, पिस्तूल ओळखतो आणि समजतो की हे ॲबीने केलं. तिला वाचवायला तो प्रेत उचलतो. रस्त्यात कळतं की मार्टी मेलेलाच नाही. पुढचा दहा-बारा मिनिटांचा भाग जवळजवळ शब्दांशिवाय आहे. मार्टी डांबरी रस्त्यावर सरपटतोय, रे फावडं रस्त्यावर घासत त्याच्यामागे चाललाय, समोरून ट्रकचे दिवे येताहेत. मग नांगरलेलं शेत, खड्डा, आणि खड्ड्यातून मार्टी त्याच पिस्तुलाचा नेम रेवर धरतो. चाप ओढल्याचा कोरडा खटका ऐकू येतो, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. गोळी सुटत नाही. रे त्याच्या हातातून पिस्तूल काढून घेतो आणि माती लोटायला लागतो. उजाडतं तेव्हा शेतात गाडीच्या चाकांचे माग दूरवर स्वच्छ उमटलेले दिसतात.

यानंतर रे आणि ॲबी एकमेकांशी बोलतात, पण दोघं दोन वेगळ्याच गोष्टींबद्दल. फोन वाजतो, पलीकडे कुणी बोलत नाही. तिला वाटतं मार्टीच असणार, आणि ती तसं सांगते. ज्याने त्याला काही तासांपूर्वी पुरलं तो रे हे ऐकतो आणि ही आपल्याला फसवतेय असं धरून चालतो. ‘पात्रं मूर्ख आहेत’ म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा पाहावा, असं मला कळकळीने वाटतं. त्या क्षणी रेला जेवढं माहीत आहे त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष अगदी बरोबर आहे. सगळं माहीत आहे ते फक्त आपल्याला. गुन्हेपट सहसा प्रेक्षकापासून काहीतरी लपवतो आणि शेवटी उघड करतो. इथे प्रेक्षकापासून काहीच लपवलेलं नाही, त्यामुळे ज्याला ‘खुनी कोण’ याची उत्सुकता हवी आहे त्याच्या हाती काही लागत नाही. शेवटी ॲबी दारातून व्हिसरला गोळी घालते, तरी तिला आपण मार्टीलाच मारलं असं वाटतं आणि ती तसं बोलते. दाराआड पडलेला व्हिसर ते ऐकतो आणि हसतो. त्याचं ते हसू कितीजणांना तिरपागडं वाटलं आणि कितीजणांना भयंकर, यावरच बहुधा कोण कुठल्या तटात जाणार ते ठरतं.

व्हिसर झालेला एम. एमेट वॉल्श हा तेव्हा अनेक छोट्या भूमिकांमधला ओळखीचा चेहरा होता. पिवळट सूट, खटारा फोक्सवॅगन, अंगाभोवती माशी आणि बोलण्यात एक लाघवीपणा. २०२४मध्ये तो गेला तेव्हा अनेकांना पहिल्यांदा आठवली ती हीच भूमिका. ॲबीची भूमिका आधी हॉली हंटरकडे जायची होती. ती रंगभूमीच्या कामात अडकली आणि तिने आपल्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीचं नाव सुचवलं. ती फ्रान्सेस मॅकडॉरमंड. हा तिचा पहिला चित्रपट. पुढे तिने जोएलशी लग्न केलं आणि अभिनयाची तीन ऑस्कर मिळवली. हंटरचा आवाज मात्र चित्रपटात आहे, आन्सरिंग मशीनवर.

तयार चित्रपट मोठ्या स्टुडिओंनी घेतला नाही. भयपट म्हणावा तर पुरेसा भयपट नाही, कलात्मक म्हणावा तर रक्त फार. १९८४मध्ये टोरांटो आणि न्यूयॉर्कच्या महोत्सवांत तो गाजला आणि बेन बॅरनहोल्ट्झच्या पुढाकाराने सर्कल या छोट्या कंपनीने त्याचं वितरण केलं. बॅरनहोल्ट्झ म्हणजे न्यूयॉर्कच्या एल्जिन थिएटरात मध्यरात्रीच्या खेळांची प्रथा रुजवणारा माणूस. विक्षिप्त चित्रपटाचा प्रेक्षक कुठे बसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जानेवारी १९८५मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याच महिन्यात युटातल्या पार्क सिटीच्या महोत्सवात त्याला परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तो महोत्सव त्याच वर्षी सनडान्स इन्स्टिट्यूटने चालवायला घेतला होता. पुढल्या वर्षी स्वतंत्र चित्रपटांसाठीचे इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार सुरू झाले. त्यात वॉल्श सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला आणि जोएलला दिग्दर्शनाचा पुरस्कार मार्टिन स्कॉर्सेसीबरोबर विभागून मिळाला.

समीक्षकांतही दुफळी पहिल्या दिवसापासून. रॉजर ईबर्टने भरभरून लिहिलं. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाच्या पॉलिन केलला मात्र त्यात जगण्याशी जोडलेलं काहीच सापडलं नाही, आणि निव्वळ शैलीचा प्रयोग म्हणूनही तिला तो फारसा पटला नाही. आजचे नाराज प्रेक्षक, केलचं नाव ऐकलेलं नसतानाही, तिचाच आक्षेप पुन्हा मांडत असतात. मला तो आक्षेप अर्धाच मान्य आहे. पात्रांच्या मागच्या आयुष्याबद्दल चित्रपट फार थोडं सांगतो, हे खरं. पण मातीच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या रेच्या चेहऱ्यावर जे आहे त्याला जगण्याशी तुटलेलं म्हणवत नाही.

‘हे भाऊ आपली टिंगल करतात’ हा संशयही जुना आणि साधार आहे. श्रेयनामावलीतला संकलक रॉडरिक जेन्स अस्तित्वातच नाही. ते या दोघांचं टोपणनाव. पुढे त्यांच्याच ‘फार्गो’ या चित्रपटासाठी या काल्पनिक माणसाला ऑस्करचं नामांकनही मिळालं. २०००मध्ये ‘ब्लड सिम्पल’ पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा सुरुवातीला मॉर्टिमर यंग नावाचा एक बनावट तज्ज्ञ येऊन चित्रपटाची महती सांगतो आणि कंटाळवाणे भाग काढून टाकल्याची ग्वाही देतो. या आवृत्तीत भावांनी खरोखरच संकलन आवळलं होतं, ती मूळ चित्रपटापेक्षा काही मिनिटांनी लहान आहे.

बहुतेक नवे प्रेक्षक ‘फार्गो’ किंवा या भावांचाच ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ पाहून मग मागे येतात. ‘फार्गो’त मॅकडॉरमंडची गरोदर पोलीसप्रमुख आहे, जिच्या बाजूने उभं राहता येतं. तशी ऊब इथे शोधायला गेलं की निराशा होणारच. चिनी दिग्दर्शक झांग यिमोउने २००९मध्ये हीच कथा जुन्या काळच्या चीनमध्ये, वाळवंटातल्या एका नूडलच्या दुकानात नेली आणि तिला भडक रंग व धसमुसळा विनोद दिला. तेव्हाही मूळ चित्रपटाचे चाहते बिथरले आणि इतर काहींना तीच जास्त मोकळी वाटली.

मतं पडताळताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सगळ्यांनी एकच चित्रपट पाहिलेला नाही. थिएटरात ‘फोर टॉप्स’ या गायकवृंदाचं १९६५चं ‘इट्स द सेम ओल्ड साँग’ हे गाणं होतं. घरी पाहायच्या कॅसेटवर हक्कांच्या अडचणीमुळे त्याच्या जागी नील डायमंडचं ‘आय ॲम अ बिलीव्हर’ घालावं लागलं, आणि २०००च्या आवृत्तीत पहिलं गाणं परत आलं. १९८०च्या दशकात कॅसेटवर पाहिलेल्या माणसाचा ‘ब्लड सिम्पल’ त्यामुळे जरा लांब आणि वेगळ्या गाण्याचा आहे. आज डिस्कवर सहसा मिळते ती आवळलेली आवृत्ती. ‘संथ’ म्हणणाऱ्याला त्याने कुठली पाहिली हे आधी विचारलेलं बरं.