व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स: जुन्या इंजिनाला लोड कळतो तो या डबीमुळे

जुन्या कार्बोरेटरवाल्या गाडीच्या डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे सिलिंडरांना पाळीपाळीने स्पार्क पोचवणाऱ्या भागाला, बाजूला एक चपटी पत्र्याची डबी लावलेली असते, हीच व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्सची डबी, आणि तिच्यातून एक बारीक नळी कार्बोरेटरकडे जाते. गाडी रिस्टोअर करताना ही डबी खराब निघाली की बरेच जण सरळ नळी काढून तोंड बंद करून टाकतात, आणि गाडी चालते की व्यवस्थित, मग काय बिघडलं असं म्हणतात. गाडी चालते हे खरंय, फुल थ्रॉटलला, म्हणजे अ‍ॅक्सलरेटर पूर्ण दाबल्यावर, पॉवरही तेवढीच मिळते. पण अ‍ॅव्हरेज पडतं, इंजिन जास्त तापतं, आणि अर्ध्या थ्रॉटलवर जो मऊपणा असतो तो जातो.

याचं कारण सिलिंडरच्या आत आहे. स्पार्क पडला की पेट्रोल-हवेचं मिश्रण एका क्षणात जळत नाही, ज्योत पसरायला दोन-तीन मिलिसेकंद तरी लागतात. हे फारच थोडं वाटतं, पण 3000 आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात 18 अंश फिरतो. प्रेशर सगळ्यात जास्त व्हायला पाहिजे ते पिस्टन वरच्या टोकाला जाऊन साधारण 15 अंश खाली आल्यावर, म्हणून स्पार्क पिस्टन वर पोचायच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो. आरपीएम वाढेल तसं हे आधीपण वाढवायचं काम डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंगा करतात. पण त्यांना फक्त स्पीड कळतो, लोड कळत नाही.

आणि लोडचा फरक मोठा असतो. सपाट रस्त्यावर अ‍ॅक्सलरेटर जेमतेम दाबलेला असताना सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरतं, ते पातळही असतं, आणि विरळ मिश्रण हळू जळतं. तिथे स्पार्क अजून 10 ते 20 अंश आधी पाहिजे. तो नाही मिळाला तर जळणं उशिरा संपतं आणि जी उष्णता पिस्टन ढकलायला वापरायची ती एक्झॉस्टमधून निघून जाते. थ्रॉटल जवळजवळ बंद असला की मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्बोरेटरकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांमध्ये, व्हॅक्युम जास्त, पूर्ण उघडला की जवळपास शून्य, म्हणजे व्हॅक्युम हाच लोडचा माप झाला! डबीतला रबरी डायफ्राम या व्हॅक्युमने ओढला जातो, त्याची दांडी पॉइंट (स्पार्क पाडणारा छोटा स्विच) बसवलेली डिस्ट्रिब्युटरमधली प्लेट फिरवते आणि स्पार्क आधी पडतो. ना वायर ना सेन्सर, आणि तरीही इंजिनाला आपल्यावर किती ओझं आहे ते कळतं, मला ही कल्पना आजही थोर वाटते.

डबी चांगली आहे का ते बघायला हँड व्हॅक्युम पंप नळीला लावा, डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून प्लेट हलते का बघा, आणि मग पंप थांबवल्यावर त्याच्या गेजचा काटा जागेवर राहायला पाहिजे, हळूहळू खाली आला तर डायफ्राम फाटलाय. काटा राहतो पण प्लेट हलत नाही असंही होतं, तेव्हा दोष डबीचा नसतो, प्लेटखालचं जुनं ग्रीस वाळून घट्ट झालेलं असतं. प्लेट धुवायला काढलीच तर तिची अर्थची बारीक विणलेली वायर नीट तपासा, ती आतून तुटते आणि प्लेट फिरली की मिसफायर येतो, वरून काही दिसत नाही.

रिबिल्ड करताना डबीच्या दोन्ही अर्ध्यांवर आधी एक खूण मारून ठेवा, मग दुमडलेली कडा थोडी थोडी करत उघडा. स्प्रिंग आणि तिच्यामागचे वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने ठेवा, कारण डबी किती व्हॅक्युमला हलायला लागणार ते त्यावर ठरतं. नवा डायफ्राम नायट्राइल रबर चढवलेल्या पातळ कापडाचा पाहिजे. साधं रबर पेट्रोलच्या वाफेने फुगतं, आणि जाड शीट घातली तर ती वाकायलाच जोर खाते म्हणजे सगळं गणित बिघडलं. सिलिकॉन सीलंट इथे वापरू नका, तेही पेट्रोलमध्ये टिकत नाही.

अ‍ॅडजस्ट करताना दोन गोष्टी वेगळ्या धरा, सुरुवात कधी होते आणि जास्तीत जास्त किती अंश मिळतात. पहिली स्प्रिंगवर अवलंबून, दुसरी दांडीच्या स्टॉपवर. लुकास कंपनीच्या डब्यांवर हे छापलेलंच असतं, उदाहरणार्थ 5-17-8 म्हणजे 5 इंच पाऱ्याला (व्हॅक्युम इंच पाऱ्यात मोजतात) सुरुवात, 17 इंचाला कमाल, आणि मिळणार 8 अंश. हे 8 अंश डिस्ट्रिब्युटरचे, तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून क्रँकवर 16 होतात. बेस टायमिंग, म्हणजे डबी आणि वजनं काही वाढवत नसताना स्पार्क किती आधी पडतो ते, लावताना, मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं नसेल तर, नळी काढून तिचं तोंड बंद ठेवा, नंतर पंप लावून टायमिंग लाइटने (स्पार्कबरोबर चमकून टायमिंगची खूण दाखवणारा दिवा) सुरुवात आणि कमाल दोन्ही बघा.

मग रस्त्यावर. हलक्या थ्रॉटलवर टकटक नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून होणारा आवाज) ऐकू आलं किंवा गाडी पुढे-मागे हिसके देत असेल तर व्हॅक्युमचे अंश थोडे कमी करून बघा. पण चढावर अ‍ॅक्सलरेटर पूर्ण दाबल्यावर नॉकिंग येत असेल तर या डबीला हात लावू नका, तेव्हा व्हॅक्युमच नसतो, दोष बेस टायमिंगमध्ये, वजनांच्या स्प्रिंगांमध्ये नाहीतर पेट्रोलच्या ऑक्टेनमध्ये शोधा.