मोठ्या काडतुसातली काळी दारू

हत्ती, गवा, रानरेडा अशा जनावरांसाठी बनवलेल्या रायफलच्या काडतुसात आजची धूरविरहित पावडर न भरता जुनी काळी दारू भरायची, हा प्रकार परदेशातल्या काही हौशी नेमबाजांमध्ये आजही चालतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो काळाला उलटे फिरवण्याचा खटाटोप वाटतो. मला तो तसा वाटत नाही. ज्यांना आपण आधुनिक म्हणतो त्या मोठ्या काडतुसांपैकी कित्येकांच्या पुंगळ्या (दारू आणि गोळी धरणारी पितळी नळकांडी) काळ्या दारूसाठीच घडल्या होत्या. नवी पावडर त्यांच्यात नंतर राहायला आली.

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. रूढ प्रमाण ७५, १५ आणि १०. त्यातला सोरा हा मुख्य घटक, आणि युरोपच्या लढायांना तो मोठ्या प्रमाणावर बिहारमधून मिळत असे. पाटण्याहून गंगेमार्गे खाली येणाऱ्या सोऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे भरत. या दारूची मोठी अडचण अशी की ती जळल्यावर तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपातच उरतो. काही धूर म्हणून बाहेर पडतो, उरलेला नळीत काजळी होऊन चिकटतो. शिवाय दारू कितीही वाढवली तरी एका मर्यादेपुढे गोळीचा वेग फारसा वाढत नाही. मग मोठे जनावर पाडायचे कसे? वेग वाढत नसेल तर गोळी जड करायची, हे त्या काळचे उत्तर.

म्हणून चार बोर, आठ बोर अशा अजस्र बंदुका आल्या. बोर मोजायची रीत सोपी आहे: एक पौंड शिशातून नळीत बसतील असे जितके गोळे होतात, तितका बोर. चार बोरचा एक गोळा पाव पौंडाचा. त्यामागे १२ ते १४ ड्रॅम, म्हणजे २० ग्रॅमहून जास्त दारू. फ्रेडरिक सेलूस हा इंग्रज शिकारी १८७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत असल्याच चार बोरच्या ठासणीच्या (तोंडातून दारू-गोळी ठासायच्या) बंदुकांनी हत्ती मारत असे. त्यांच्या धक्क्याने आपल्या नेमावर कायमचा परिणाम झाला, असे त्याने पुढे लिहून ठेवले.

याच काळात इंग्लंडमध्ये दुसरी वाट निघाली. लंडनचा बंदूककार जेम्स पर्डी याने १८५६ मध्ये हलकी गोळी आणि भरपूर दारू असलेली रायफल आणली आणि तिला ‘एक्सप्रेस ट्रेन’ हे नाव दिले. तेव्हा आगगाडी हीच वेगाची खूण होती. पुढे मागून भरायच्या रायफली आल्या, पितळी पुंगळी आली, आणि ‘एक्सप्रेस’ हा काडतुसांचा एक वर्गच झाला. त्यातले .४५० एक्सप्रेस आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचे (असे आकडे म्हणजे इंचातले माप). सव्वातीन इंच लांब सरळ पुंगळी, आत साधारण १२० ग्रेन काळी दारू, वर तीनशे ग्रेनच्या आसपासची शिशाची गोळी. (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम.) इतकी दारू मावायची तर पुंगळी लांब हवीच. ही सव्वातीन इंचांची लांबी लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूरविरहित पावडर तयार केली आणि दोनच वर्षांत फ्रेंच सैन्याने तिच्यासाठी लेबेल रायफल आणली. ब्रिटिश मात्र मागे पडले, आणि त्यातून काडतुसांच्या इतिहासातला एक विलक्षण प्रसंग घडला. त्यांनी १८८८ मध्ये .३०३ हे नवे, अरुंद, बाटलीच्या आकाराचे काडतूस स्वीकारले. रचना पूर्ण आधुनिक, पण आत भरायला नवी पावडर तयार नव्हती. मग त्यात सुमारे ७० ग्रेन काळी दारू दाबून, मधोमध भोक असलेली वडी करून बसवली. पुढे अर्धशतकाहून जास्त काळ दोन महायुद्धांत आणि हिंदुस्थानच्या फौजेत वापरले गेलेले .३०३ पहिली काही वर्षे काळ्या दारूवर चालले. नव्या पुंगळीत जुनी दारू भरण्याचे याहून अधिकृत उदाहरण सापडणार नाही.

दरम्यान फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्युअर यांनी १८८९ मध्ये कॉर्डाइट बनवले. ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन (आम्लात मुरवलेला स्फोटक कापूस), ५ टक्के व्हॅसलीन. ते दाण्यांऐवजी शेवयांसारख्या काड्यांच्या रूपात असे. .३०३ च्या पुंगळीत काड्यांची जुडी आधी सरळ सरकवत आणि मग पुंगळीचे तोंड आवळून अरुंद करत. १८९१ पासून .३०३ कॉर्डाइटवर आले आणि लगेच एक नवीच भानगड दिसू लागली. तेव्हाच्या .३०३ रायफलच्या, ली-मेटफर्डच्या, नळीतल्या चऱ्या (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) उथळ आणि गोलसर होत्या. काळ्या दारूची काजळी त्यांच्यात अडकू नये हा हेतू. कॉर्डाइटची आच इतकी प्रखर की त्या उथळ चऱ्या भराभर झिजून गेल्या. एनफिल्डच्या कारखान्याने मग खोल, चौकोनी कडांच्या पाच चऱ्या काढल्या, आणि १८९५ मध्ये ली-एनफिल्ड जन्माला आली. दारू बदलली की नळीही बदलावी लागते, हा धडा तिथे मोठ्या किमतीला मिळाला.

हे सगळे घडत असताना, १८८७ ते १८९४ या काळात, एनफिल्डच्या सरकारी कारखान्याचा प्रमुख जॉन रिग्बी होता. तो मूळचा डब्लिनच्या बंदूककारांच्या घराण्यातला. .३०३ चा काळ्या दारूकडून कॉर्डाइटकडे झालेला प्रवास त्याने कारखान्याच्या आतून पाहिला होता. स्वतःच्या धंद्यात परतल्यावर १८९८ मध्ये त्याने .४५० नायट्रो एक्सप्रेस आणले (‘नायट्रो’ म्हणजे कॉर्डाइटसारखी धूरविरहित पावडर). माझ्या मते या इतिहासातला निर्णायक क्षण तोच. रिग्बीने नवी पुंगळी घडवलीच नाही. जुन्या .४५० एक्सप्रेसचीच सव्वातीन इंची पुंगळी त्याने भक्कम केली, तिच्यात ७० ग्रेन कॉर्डाइट आणि वर ४८० ग्रेनची धातूच्या कवचाची गोळी बसवली. वेग सेकंदाला २१५० फूट. चार बोरच्या तोफेचे काम आता खांद्याला झेपेल अशा दुनळी रायफलने होऊ लागले. ५०० आणि ५७७ या मापांच्या जुन्या एक्सप्रेस पुंगळ्यांनाही हीच दीक्षा मिळाली.

या मापांचा हिंदुस्थानशी थेट संबंध आहे. मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफली .४५० च्याच होत्या आणि त्या बंडखोरांच्या हाती फिरत होत्या. त्यांना काडतुसे किंवा गोळ्या मिळू नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० मापाच्या रायफली आणण्यावर बंदी घातली. संस्थानिक आणि गोरे अधिकारी ही लंडनच्या बंदूककारांची मोठी गिऱ्हाइके. ती हातची जाऊ नयेत म्हणून थोड्या वेगळ्या मापांची काडतुसे पुढे आली. हॉलंड अँड हॉलंडचे .५००/४६५ हे १९०७ चे. जोसेफ लँगचे .४७० तर सर्वांत लोकप्रिय ठरले, आणि त्याचीही पुंगळी मूळ .५०० ची, तोंड आवळलेली. एका सरकारी बंदीने काडतुसांचे नवे कुळ वाढले.

जुन्या रायफलींचे काय झाले, हा भाग सहसा दुर्लक्षित राहतो. काळ्या दारूसाठी बनलेल्या हजारो एक्सप्रेस रायफली लोकांच्या घरी होत्या आणि त्यांच्या नळ्या कॉर्डाइटचा पूर्ण दाब सोसणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यासाठी कारखान्यांनी ‘नायट्रो फॉर ब्लॅक’ काडतुसे काढली: कॉर्डाइट थोडे, गोळी हलकी, दाब आणि वेग जुन्याइतकाच. पुंगळी मात्र तीच, लांबीही तीच. .४५० एक्सप्रेस, त्याचेच ‘नायट्रो फॉर ब्लॅक’ आणि रिग्बीचे नायट्रो एक्सप्रेस ही तिन्ही काडतुसे शेजारी ठेवली तर अनोळखी माणसाला फरक सांगता येणार नाही. त्यामुळे नळीवरचे प्रूफचे (दाब-चाचणीचे) शिक्के वाचता येणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता, आणि अशा जुन्या रायफली हाताळणाऱ्यांसाठी आजही आहे.

अमेरिकेत हीच कथा वेगळ्या वळणाने गेली. तिथले .४५-७० हे सैन्याचे काडतूस १८७३ चे. नावातले ७० म्हणजे ७० ग्रेन काळी दारू. त्याच्या गोळीचा व्यास .४५८ इंच. रिग्बीच्या .४५० नायट्रो एक्सप्रेसच्या गोळीचाही तोच. १९५६ मध्ये विंचेस्टरने आफ्रिकेतल्या शिकारीसाठी .४५८ विंचेस्टर मॅग्नम आणले, तेव्हा त्यांनी व्यास तोच ठेवला आणि समोर लक्ष्य ठेवले रिग्बीच्या काडतुसाचे. फक्त पुंगळी अडीच इंचांची केली, कारण नवी पावडर कमी जागेत मावते आणि बोल्ट रायफलला आखूड काडतूस सोयीचे. हे आखूडपण अंगाशी आले. आत पावडर दाबून भरावी लागे, ती गोळा होऊन नीट जळत नसे अशा तक्रारी आल्या, आणि जॅक लॉट या शिकाऱ्याने १९७१ मध्ये पुंगळी पुन्हा लांबवून .४५८ लॉट तयार केले.

आता या पुंगळ्यांत काळी दारू भरली तर काय होते, ते या वंशावळीतूनच कळते. .४५० नायट्रो एक्सप्रेसमध्ये ती भरली की ते जवळजवळ पुन्हा १८७० च्या दशकातले .४५० एक्सप्रेस होते. .४५८ मॅग्नममध्ये जागा कमी, त्यामुळे ते .४५-७० आणि त्याच्या थोरल्या भावंडांच्या पंक्तीला जाऊन बसते. अरुंद तोंडाच्या पुंगळ्यांचे तसे नाही. १९१२ चे .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम घ्या. त्याला काळ्या दारूचा कोणताही पूर्वज नाही. त्याचा निमुळता आकार कॉर्डाइट डोळ्यांसमोर ठेवून आखलेला. त्यात काळी दारू पेट घेते, पण वेग निम्म्याच्या आसपास येतो आणि बारीक नळीत काजळी लवकर साचते. दुनळीत आणखी एक पेच आहे. तिच्या दोन्ही नळ्या एका ठरावीक वेगासाठी जुळवलेल्या असतात. वेग बदलला की दोन नळ्यांच्या गोळ्या दोन ठिकाणी लागतात.

काळ्या दारूची शिस्तही वेगळी. पुंगळीत दारू आणि गोळी यांच्यामध्ये मोकळी जागा राहता कामा नये. दारू थोडी दाबूनच बसवायची. गोळी मऊ शिशाची आणि मेण-चरबीच्या लेपाची. बार काढल्यावर नळी आणि पुंगळ्या त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुवायच्या, नाहीतर क्षार ओल धरतात आणि लोखंड गंजते. आणि एक गोष्ट कधीच करायची नाही: काळ्या दारूच्या मापाने धूरविरहित पावडर भरायची नाही. तसे केल्यास नळी फुटते, आणि माणसे मेली आहेत.

१९६० च्या दशकात ब्रिटनच्या कायनॉक कंपनीने मोठी नायट्रो काडतुसे बनवणे बंद करत आणले आणि कित्येक उत्तम दुनळी रायफली नुसत्याच भिंतीवर लटकत राहिल्या. स्वतः काडतूस भरणाऱ्या हौशी लोकांची संख्या त्यानंतर वाढली, आणि काळ्या दारूची आवडही त्यांच्यात टिकून आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्नच संपवला. इकडे या विषयाच्या खुणा उरल्या आहेत त्या जुन्या संस्थानी संग्रहांत, १८६९ पासून काडतुसे बनवणाऱ्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या इतिहासात, आणि निलगिरीत अरुवनकाडूला खास कॉर्डाइटसाठी उभारलेल्या कारखान्यात.