टेबल रीलोड (आयओएस)

आयफोन किंवा आयपॅडवरच्या ॲपमध्ये मूळ माहिती बदलल्यावर पडद्यावरची यादी तिच्याशी पुन्हा जुळवणे म्हणजे टेबल रीलोड. ॲपलच्या यूआयकिटमध्ये, म्हणजे पडद्यावरचे घटक बनवायच्या तयार कोडसंचात, यादी दाखवायचे काम यूआयटेबलव्ह्यू (थोडक्यात टेबल) करतो. 2008 मध्ये आयफोनसाठी ॲप लिहिण्याची मुभा सर्वांना मिळाली, तेव्हापासून तो आहे.

टेबल स्वतःजवळ माहिती ठेवत नाही, आणि सगळा विषय या एका गोष्टीवर उभा आहे. ते डेटासोर्सला, म्हणजे माहिती पुरवणाऱ्या कोडला, विचारते: ओळी किती? पाचव्या ओळीत काय दाखवू? उत्तरे मिळाली की ओळी मांडून मोकळे होते. नंतर ॲरेमध्ये (कोडमधल्या माहितीच्या यादीत) नवे नाव घातले तरी त्याला पत्ता लागत नाही. नवशिके बहुधा इथेच अडतात. सर्व्हरवरून माहिती आलेली असते, कन्सोलवर (प्रोग्रामरला दिसणाऱ्या खिडकीत) नीट छापली जाते, आणि यादी मात्र रिकामी. टेबलाने विचारले तेव्हा ओळी शून्य होत्या. पुन्हा विचार, असे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

रीलोडडेटा ही मेथड (टेबलाला द्यायची आज्ञा) तेवढेच सांगते. हजार नोंदी असल्या तरी पडद्यावर मावणाऱ्या ओळींचेच सेल (ओळ दाखवणारे चौकोन) भरले जातात, त्यामुळे ती वाटते तितकी महाग नाही. मात्र ती मुख्य थ्रेडवरूनच (पडद्याचे काम चालते त्या धाग्यावरूनच) बोलवावी लागते, आणि नेटवर्कचे उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच थ्रेडवर येते. शिवाय तेच सेल पुन्हापुन्हा वापरले जात असल्याने प्रत्येक वेळी त्यातले सगळे काही नव्याने भरावे. नाहीतर एकाच्या नावाशेजारी दुसऱ्याचा फोटो दिसतो.

एकच ओळ बदलली असताना अख्खे टेबल रीलोड करणे वापरणाऱ्यावर अन्याय आहे. त्याने निवडलेली ओळ सुटते आणि बदल ॲनिमेशनशिवाय एकदम समोर येतो. अशा वेळी तेवढीच ओळ रीलोड करावी, घालावी किंवा काढावी. पण इथे हिशेब चोख लागतो. समजा दहा ओळी आहेत आणि टेबलाला सांगितले, चौथी काढ. टेबल मनाशी नऊ धरते आणि डेटासोर्सला विचारते. ॲरेमधून नोंद काढायची राहिली असेल तर उत्तर येते दहा, आणि ॲप तिथेच क्रॅश होते. म्हणून आधी माहिती बदलायची, मग टेबलाला कळवायचे. अनेक बदल एकत्र असतील तर काढायच्या ओळींचे क्रमांक जुन्या यादीतले आणि घालायच्या ओळींचे नव्या यादीतले धरतात.

हा हिशेब प्रोग्रामरच्या डोक्यावरून उतरवला तो 2019 च्या आयओएस 13 मधल्या डिफेबल डेटासोर्सने. यादी आता कशी हवी त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे पूर्ण चित्र, द्यायचा, फरक तो स्वतः काढतो. अट एकच: प्रत्येक नोंदीची ओळख वेगळी हवी. नवे ॲप लिहिताना हाच मार्ग धरावा. अँड्रॉइडवर रीसायकलरव्ह्यूसोबत (तिथे यादी दाखवणाऱ्या घटकासोबत) डिफयूटिल हेच काम करते.

यादी बोटाने खाली ओढून ताजी करण्याची लकब लोरेन ब्रिक्टर यांच्या ट्विटरसाठीच्या ट्वीटी ॲपमुळे रुळली. ॲपलने 2012 च्या आयओएस 6 मध्ये तिच्यासाठी यूआयरिफ्रेशकंट्रोल दिला. पण तो फक्त चक्र फिरवतो आणि ओढल्याची वर्दी देतो. माहिती आणणे, टेबल रीलोड करणे आणि शेवटी ते चक्र थांबवणे, तिन्ही कोडमध्येच लिहावे लागते.